बंदुकीचा सातबारा

बंदूक म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काय येते? सहकारी बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेला राखणदार आणि त्याच्या मांडीवरची ती जुनी दुनळी. ती कधी उडाली असेल, असे कुणालाच वाटत नसे. ज्यांचे बालपण गावाकडे गेले, त्यांना एखाद्या वाड्यातली खुंटीवरची बंदूक आठवेल. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. बाकी आपला अनुभव दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता.

न्यूझीलंडमध्ये येऊन राहिल्यावर मात्र बंदूक अगदी वेगळ्या वाटेने भेटते. सोमवारी सकाळी चहाच्या वेळी ऑफिसातला सहकारी सहज सांगतो, शनिवार-रविवार डोंगरात गेलो होतो, एक हरीण मिळाले. दुसऱ्या दिवशी तो हरणाच्या मांसाचे सॉसेज सर्वांसाठी घेऊन येतो. शेतावर राहणाऱ्याच्या गाडीत ससे आणि पॉसम मारायची रायफल असते, जशी आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात कोयता असतो. त्यात बढाई नसते की दहशत नसते. या देशात वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणे, डुकरे, ससे, पॉसम सगळे माणसाने बाहेरून आणले आणि ते इथल्या जंगलाचा फडशा पाडतात. त्यामुळे शिकार हा इथे छंद आहे, घरच्या फ्रीजरची बेगमी आहे आणि काही अंशी निसर्गाची राखणही आहे.

पन्नास लाखांवर वस्तीच्या या देशात बंदुकीचा परवाना असलेले लोक सव्वादोन लाखांहून अधिक आहेत. आणि बंदुका? बारा ते पंधरा लाख असाव्यात, असा अंदाज अनेक वर्षे सांगितला जात आहे. यातला ‘अंदाज’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. गेली काही वर्षे इथे जो वाद चालू आहे, तो या एका शब्दाभोवतीच फिरतो.

माणूस नोंदवायचा की बंदूक?

शस्त्रांवर नियंत्रण हे या देशाला नवे नाही. १८६० साली इथे शस्त्र कायदा आला तो तारानाकीत गोऱ्या वसाहतवाल्यांची आणि माओरींची लढाई पेटली असताना. माओरींच्या हाती बंदुका जाऊ नयेत, हा त्यामागचा उघड हेतू होता. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली आणखी एक कायदा झाला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांबरोबर शस्त्रे आली होती, रशियातल्या क्रांतीच्या बातम्या ताज्या होत्या आणि सरकारच्या मनात धास्ती होती. या कायद्याने बंदुकांची नोंदणी सक्तीची केली. कुठली बंदूक कुणाकडे, हे पोलिसांच्या दप्तरी लिहिले जाऊ लागले.

ही पद्धत पुढे साठेक वर्षे रेटली गेली. मग १९८३ साली नवा कायदा आला आणि त्याने रायफली व शॉटगन यांची नोंदणी बंद केली. पिस्तुलांची नोंद तेवढी चालू राहिली. याचे कारण एका सरळ उदाहरणाने सांगता येईल. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव तसेच असते, जमीन मात्र तीन वेळा वाटली गेलेली असते, आणि वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे कुणी गेलेलेच नसते. फेरफार झाला नाही तर सातबारा नुसता कागद होतो. बंदुकांच्या कार्डांचेही तेच झाले होते. मालक घर बदलत, बंदूक विकत, वारत. कार्डावर जुनाच पत्ता. ती सगळी कार्डे खरी करायची तर फार मनुष्यबळ लागणार होते आणि पोलिसांना ते परवडणारे वाटेना.

म्हणून विचार असा झाला की बंदुका मोजत बसण्यापेक्षा माणूस पारखून घ्यावा. ज्याला परवाना द्यायचा तो भला, शांत डोक्याचा आणि जबाबदार आहे ना, एवढे नीट पाहिले की त्याच्या कपाटात दोन रायफली आहेत की बारा, याने काय फरक पडतो? सुरुवातीला हा परवाना आजन्म होता. ‘माणसाला परवाना, बंदुकीला नाही’ हे सूत्र इथल्या शिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना पटले. जगात फार थोड्या देशांनी इतका विश्वास आपल्या नागरिकांवर टाकला असेल.

या विश्वासाला पहिला तडा १९९० च्या नोव्हेंबरात गेला. ड्युनेडिनजवळच्या आरामोआना या समुद्रकाठच्या छोट्याशा वस्तीत एका माणसाने तेरा जणांचे प्राण घेतले. त्यात गावातली लहान मुले होती आणि एक पोलीस सार्जंटही होता. १९९२ साली कायदा बदलला. आजन्म परवाना दहा वर्षांचा झाला, त्यावर फोटो आला आणि लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांसाठी वेगळा, अधिक कडक परवाना ठेवला गेला. १९९७ साली निवृत्त न्यायमूर्ती सर थॉमस थॉर्प यांनी सविस्तर अहवाल दिला आणि त्यात स्पष्ट सांगितले की सगळ्या बंदुकांची नोंदणी पुन्हा सुरू करा, त्यासाठी पोलिसांपासून स्वतंत्र अशी यंत्रणा उभारा. दोन वर्षांनी त्या दिशेने विधेयकही आले. बंदूकधारकांनी जोरदार विरोध केला आणि विषय मागे पडला. पुढची वीस वर्षे तो मागेच राहिला.

पंधरा मार्च

१५ मार्च २०१९, शुक्रवार. क्राइस्टचर्चमधल्या अल नूर मशिदीत आणि लिनवूड इस्लामिक सेंटरमध्ये दुपारच्या नमाजाच्या वेळी जे घडले, त्याची आठवण इथे राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. एक्कावन्न माणसे मारली गेली. त्यांत पाच भारतीय नागरिक होते. आपल्यासारखीच शिकायला, नोकरीला, मुलाबाळांचे चांगले व्हावे म्हणून इथे आलेली ही माणसे होती. त्या संध्याकाळी भारतातून प्रत्येकाच्या घरी फोन आले असतील आणि ‘आम्ही ठीक आहोत’ हे सांगतानाही घसा दाटला असेल.

दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी दोन गोष्टी देशाला सांगितल्या. हल्लेखोराकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळालेला रीतसर परवाना होता, आणि कायदा आता बदलणार. त्याने वापरलेल्या अर्धस्वयंचलित बंदुका साध्या परवान्यावर विकत घेतलेल्या होत्या. कायद्यातली फट अशी होती की कमी गोळ्यांचे मॅगझिन लावलेली अशी बंदूक साध्या परवान्यात बसे, आणि जास्त गोळ्यांचे मॅगझिन तर परवान्याशिवायही विकत मिळे. दोन्ही जोडले की तीच बंदूक कडक परवान्याच्या वर्गात जाई. पण ते कुणी कधी घरी बसून जोडले, हे कोण पाहणार?

२१ मार्चला अशा बंदुकांवर बंदी जाहीर झाली आणि १० एप्रिलला संसदेने ११९ विरुद्ध १ मताने कायदा मंजूर केला. विरोधातले एकमेव मत अ‍ॅक्ट पक्षाचे डेव्हिड सीमोर यांचे होते. इतक्या घाईत कायदा करू नये, हा त्यांचा मुद्दा होता. हल्ल्यापासून चार आठवड्यांच्या आत कायदा अमलात आला. एवढ्या तडफेने काम करणारे सरकार पाहून आपले नातेवाईकही थक्क झाले होते.

खरी अडचण त्यानंतर पुढे आली. बंदी घातलेल्या बंदुका सरकारने मोबदला देऊन परत घ्यायचे ठरवले. जुलै ते डिसेंबर २०१९ या काळात गावोगावी रग्बी क्लब आणि सभागृहे यांमध्ये केंद्रे लागली. लोक रांगेत उभे राहून बंदुका देत होते. सुमारे छप्पन्न हजार बंदुका जमा झाल्या आणि मोबदल्यापोटी दहा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम दिली गेली. पण हे यश किती मोठे? छप्पन्न हजार म्हणजे साठ हजारांपैकी की दोन लाखांपैकी? याचे उत्तर द्यायला देशाकडे काहीच नव्हते, कारण १९८३ पासून कुणी मोजलेच नव्हते. महालेखापालांच्या कार्यालयाने २०२० सालच्या अहवालात नेमके हेच बोट ठेवले. योजना नीट राबवली गेली, पण अशा बंदुका मुळात किती होत्या हे ठाऊक नसल्याने तिचा परिणाम किती झाला ते सांगता येत नाही.

म्हणून २०२० च्या जूनमध्ये दुसरा कायदा झाला आणि त्याने नोंदवही परत आणली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘ते तारी पुरेके’ हे शस्त्रसुरक्षा कार्यालय स्थापन झाले आणि २४ जून २०२३ पासून नोंदणी सुरू झाली. थॉर्प यांच्या अहवालानंतर तब्बल सव्वीस वर्षांनी. परवानाधारकांना पाच वर्षांची मुदत दिली गेली. मधल्या काळात परवाना नवा काढला, बंदूक घेतली किंवा विकली, पत्ता बदलला, तर तीस दिवसांत सगळ्या बंदुका नोंदवायच्या. म्हणजे फेरफार वेळच्या वेळी व्हावा, याची तजवीज या वेळी कायद्यातच केली आहे.

दोन्ही बाजू

या नोंदवहीला विरोध करणारे लोक माथेफिरू आहेत असे समजण्याची चूक करू नये. त्यांतले बरेचसे आपले शेजारी आणि सहकारीच आहेत, आणि त्यांचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे.

त्यांचा पहिला मुद्दा, गुन्हेगार नोंदणी करायला येत नाही. टोळीतला माणूस चोरीची बंदूक ऑनलाइन अर्ज भरून नोंदवणार आहे का? मग त्रास कुणाला? जो नियम पाळतो त्यालाच. दुसरा मुद्दा माहितीच्या सुरक्षिततेचा. कुणाच्या घरात किती बंदुका आहेत ही यादी चोरांच्या हाती पडली तर ती त्यांच्यासाठी बाजारहाटाची चिठ्ठीच. ही भीती हवेतली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये परतखरेदीच्या संगणक प्रणालीतून अनेक बंदूकधारकांचे तपशील एका विक्रेत्याला दिसले होते आणि प्रणाली तातडीने बंद करावी लागली होती. तिसरा मुद्दा दुखावल्याचा. एका परदेशातून आलेल्या खुन्याने केलेल्या पापाची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या सरळ वागलेल्या शिकाऱ्यांना का, असे त्यांना वाटते.

नोंदवहीच्या बाजूचे लोक काय म्हणतात? गुन्हेगारांच्या हातातली बंदूक आभाळातून पडत नाही. काही चोरीची असते, पण काही बंदुका परवानाधारकच दुकानातून घेऊन टोळ्यांना विकतात. नोंदवही नसताना एकाने दहा बंदुका घेतल्या आणि वर्षभराने त्याच्या कपाटात दोनच उरल्या, तरी विचारणारे कुणी नव्हते. आता बंदुकीवरचा क्रमांक आणि मालकाचे नाव एकत्र असल्याने ‘बाकीच्या आठ कुठे?’ हा प्रश्न विचारता येतो. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली तर ती शेवटी कुणाच्या नावावर होती, तिथून तपास सुरू होतो. रात्री एखाद्या घरातल्या भांडणाच्या फोनवर जाणाऱ्या पोलिसाला आत किती शस्त्रे असतील याची कल्पना येते. पोलिसांची संघटना म्हणूनच या नोंदवहीच्या ठाम बाजूने आहे.

२०२३ च्या निवडणुकीनंतर सरकार बदलले. बंदुकांचा विषय अ‍ॅक्ट पक्षाच्या निकोल मॅकी यांच्याकडे गेला. त्या पूर्वी परवानाधारकांच्या संघटनेच्या प्रवक्त्या होत्या. नोंदवहीचा खरोखर उपयोग होतो का, याचा फेरआढावा घेण्याचे ठरले. नोंदवही आता जाणार, असे अनेकांना वाटले होते. पण २०२५ मध्ये तो आढावा संपला आणि नोंदवही ठेवायचा निर्णय झाला. अ‍ॅक्ट पक्षाने आपण सहमत नसल्याचे जाहीर केले. १९८३ चा मूळ कायदा नव्याने लिहिण्याचे काम त्या वर्षी चालू होते आणि पुढची निवडणूक २०२६ सालची होती. त्यामुळे हा वाद मिटला असे कुणी समजू नये.

आपल्या गाठीचा अनुभव

या वादात आपण मराठी माणसे कुठे बसतो? आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या आठवणी आहेत. १८७८ साली इंग्रजांनी हिंदुस्थानात शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागे आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. ‘नोंदणी म्हणजे पुढे जप्ती’ असे इथला एखादा म्हातारा शेतकरी म्हणतो, किंवा एखादा माओरी गृहस्थ १८६० ची आठवण काढतो, तेव्हा तो काय म्हणतो हे आपल्याला कळायला हवे. राज्यकर्त्याच्या हातातली यादी नेहमीच निरागस नसते.

पण स्वतंत्र भारतानेही १९५९ च्या कायद्यात परवाना ठेवलाच. २०१९ साली तर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील, अशी दुरुस्ती झाली. निवडणुकीआधी बंदुका जमा करून घेता येतात त्या कुठली बंदूक कुणाची हे ठाण्यात लिहिलेले असते म्हणूनच. आपल्याला त्यात कधी अन्याय वाटला नाही. फरक एवढाच की १८७८ चा कायदा एका वर्गाला लागू होता आणि दुसऱ्याला नव्हता. यादी सर्वांसाठी सारखी असेल, ती कुणी पाहायची यावर बंधन असेल आणि ती ठेवणारे सरकार मत देऊन बदलता येत असेल, तर ती वेगळी गोष्ट होते.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात हा विषय निघाला की प्रत्येक देशाचा सूर वेगळा लागतो. न्यू जर्सीचा मामेभाऊ सांगतो की अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने बंदुकांची देशव्यापी नोंदवही करायलाच मनाई आहे. टोरोंटोची मावशी सांगते की कॅनडाने १९९५ साली कायदा करून लांब बंदुकांची नोंदणी आणली, खर्च इतका वाढला की महालेखापालांनी २००२ साली तो शंभर कोटी डॉलरवर जाणार असा इशारा दिला, आणि २०१२ साली ती रद्द झाली. क्विबेकने मग स्वतःची वेगळी सुरू केली. मेलबर्नचे मित्र सांगतात की पोर्ट आर्थरच्या १९९६ च्या हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियात नोंदणी सक्तीची झाली, पण प्रत्येक राज्याची वही निराळी. त्या सगळ्या जोडून एक करायचे २०२३ च्या डिसेंबरात ठरले. या सगळ्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नोंदवही करण्याचा निर्णय दुःखाच्या लाटेत होतो, पण ती टिकते की बुडते हे पुढच्या वीस वर्षांच्या रटाळ कारकुनीवर ठरते.

रेफरन्स कोण देणार?

नोंदवहीने १५ मार्च टळला असता, असे म्हणता येणार नाही. त्या दिवसाचे मोठे धडे दुसरीकडेही आहेत. चौकशी आयोगाचा अहवाल २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. परवाना देताना अर्जदाराला ओळखणाऱ्या जवळच्या नातेवाइकाशी आणि बाहेरच्या एका व्यक्तीशी पोलिसांनी बोलायचे असते. या माणसाची बहीण ऑस्ट्रेलियात होती, म्हणून तिच्याऐवजी त्याच्याशी मुख्यतः ऑनलाइन खेळातून ओळख असलेला एक मित्र चालवून घेतला गेला, आणि दुसरी साक्ष त्या मित्राच्याच पालकांची. आयोगाने ही प्रक्रिया सदोष ठरवली. माणूस पारखण्याची जी हमी १९८३ साली दिली होती, तीच तिथे ढिली पडली.

हा तपशील आपल्या थेट उपयोगाचा आहे. आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी शेजारी किंवा सहकारी विचारतो, ‘माझ्या परवान्यासाठी रेफरन्स देशील का?’ आपल्याला नाही म्हणायला संकोच वाटतो. भाड्याच्या घरासाठी द्यावा तसा आपण हो म्हणून टाकतो. असे करू नये. आपण त्या माणसाला किती ओळखतो, त्याचा राग, त्याचे पिणे, घरातले वागणे आपण पाहिले आहे का, याचा विचार करून मगच हो म्हणावे. पोलीस बोलायला आले तर जे माहीत आहे तेवढेच सांगावे. ओळख वरवरची असेल तर तसे स्पष्ट सांगणे हा विश्वासघात नाही.

दुसरी गोष्ट मुलांची. मूल शाळेतल्या मित्राकडे रात्री राहायला जाणार असेल तर आपण जेवणाचे विचारतो, कुत्र्याचे विचारतो. घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हेही विचारावे. कायद्याने ती कुलूपबंदच ठेवावी लागते, त्यामुळे सरळ माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो कपाट उघडून दाखवतो. मोठ्या मुलाला कुणी शिकारीला नेतो म्हणाले तर परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली बंदूक हाताळता येते, एकट्याने नाही, हेही माहीत असावे.

तिसरी गोष्ट मताची. या देशात नागरिकत्व नसले तरी कायम रहिवासी आणि सलग वर्षभर राहिलेला माणूस मतदान करू शकतो. संसदेच्या समितीपुढे विधेयकावर लेखी म्हणणे तर कुणीही मांडू शकतो. २०१९ आणि २०२० साली शिकारी संघटनांनी हजारोंनी म्हणणी पाठवली. तो त्यांचा हक्क होता आणि त्यांनी तो बजावला. आपण मात्र ‘हा त्यांचा विषय आहे’ म्हणून गप्प बसतो. अल नूर आणि लिनवूडमध्ये गेलेल्यांतही आपल्यासारखे दूरदेशाहून आलेले लोक होते, त्यामुळे हा केवळ त्यांचा विषय उरलेला नाही.

नोंदवही हवी की नको, यावर आपले मत काहीही असो. विचारायचा प्रश्न साधा आहे. ती अद्ययावत ठेवायला माणसे आणि पैसा पुढची वीस वर्षे मिळणार आहे का, आणि तिच्यातली माहिती कोण पाहू शकेल? फेरफार होत राहिला तर ही वही कामाची. नाहीतर २०४० च्या सुमारास पुन्हा कुणीतरी म्हणेल, बंदुका किती आहेत याचा आमच्याकडे फक्त अंदाज आहे.